मुळशीच्या वसंताची बांधाबांध

“तिथे एवढं मोठं धरण असताना तुम्ही इथून पाणी भरून नेताय?” सासूबाईंनी गॅलरीतून विचारलं. खाली सोसायटीच्या आवारात गाडी उभी होती, नळाची हिरवी नळी तिच्या टाकीत सोडलेली होती आणि वॉचमनकाका घड्याळाकडे बघत होते, कारण कोथरूडचं पाणी जायची वेळ झाली होती. प्रश्न बिनतोड होता. खडकवासल्याचं पाणी घेऊन मुळशीच्या काठी जायचं, हे ऐकायला खुळेपणाचंच वाटतं. “वाटेत सांगते, आई,” म्हणून मी वेळ मारून नेली. खरं तर सहलीच्या तयारीतलं तेवढं एकच काम मला मनापासून पटलेलं होतं. बाकी सामानावरून घरात वाद चालू होते.

गाडी भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. जुनी फोर्स ट्रॅव्हलर. या कंपनीचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे. १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली, तीच आता फोर्स मोटर्स. त्यांची मॅटाडोर एके काळी महाराष्ट्रभर लग्नांची वऱ्हाडं वाहायची. सासूबाई त्यांच्या नणंदेच्या लग्नाला तीतूनच गेल्या होत्या, त्यामुळे या ट्रॅव्हलरकडे त्या नात्यातली म्हणून बघतात. भाऊजींनी मागच्या सीटा काढून दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छताला झरोका करून घेतला. त्याहून जास्त काळ कागदांत गेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी घेऊन नोंदणीच्या पुस्तकात तसं लिहून घ्यावं लागतं. सीटा उचकटून गादी टाकली की कॅम्परव्हॅन झाली असं समजणारे पुष्कळ आहेत. त्यांची आणि विमा कंपनीची गाठ पडते ती अपघातानंतर.

कॅम्परव्हॅनवरची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले. त्यांच्या वसंताच्या यादीत लोकरी मोजे, गमबूट, जाड रजई, गरम पाण्याची पिशवी आणि गाडी तापवायचं यंत्र. भाऊजींनी अशी एक यादी छापून फ्रीजवर लावली होती आणि रोज तिच्यावर खुणा चालल्या होत्या. त्यांच्याकडचा वसंत हिवाळ्यातून बाहेर पडतो, आपला उन्हाळ्यात शिरतो. तिथे थंडी आत येऊ नये म्हणून सगळी खटपट, इथे ऊन आत येऊ नये म्हणून. मी त्या यादीतले मोजे आणि पिशवी खोडली आणि वर लिहिलं: पाणी, सावली, वारा. नवरा म्हणाला, “हे सामान आहे की पंचमहाभूतं?” पण सामानच होतं ते. किलोत, मीटरात आणि वॉटमध्ये मोजता येणारं.

ऊन किती, याचा एक दाखला मुळशीच्या पायथ्याशीच आहे. घाटमाथ्यावरून खाली बघितलं की कुंडलिकेच्या खोऱ्यात भिरा दिसतं. मार्च २०१७च्या अखेरीला, पाडव्याच्या सुमारास, भिऱ्याला ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि त्या लहानशा गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. आकड्याबद्दल पुढे शंकाही घेतल्या गेल्या. त्या बाजूला ठेवल्या तरी फाल्गुन-चैत्रात कोकणच्या तोंडाशी काय धग असते ते तिथल्या कुणालाही विचारा. वर मुळशीत हवा बरीच सौम्य. पहाटे शाल लागते. पण अकरा वाजता उघड्यावर उभ्या केलेल्या पत्र्याच्या गाडीत माणूस बसू शकत नाही.

म्हणून सावली. बाहेर ओढून काढायची तयार कनात महाग आणि वाऱ्याला हळवी. आम्ही नर्सरीवाल्यांकडची हिरवी शेडनेट घेतली, कडा शिवून घेतल्या, गाडीच्या टपाच्या कडीला एक बाजू आणि दोन बांबूंना दुसरी. तिच्यातून वारा आरपार जातो, त्यामुळे ती फडफडून फाटत नाही, आणि गाडीपासून हातभर अंतर सोडून बांधली तर पत्रा तापत नाही. समोरच्या काचेला आतून नव्हे, बाहेरून कापड. आतून लावलं तर ऊन आत येऊन चुकलेलं असतं. बारा व्होल्टचे दोन पंखे, एक झरोक्यात हवा बाहेर फेकणारा. एसीचा विषय निघाला तेव्हा मी भाऊजींना बॅटरीचं गणित मांडायला सांगितलं आणि विषय आपोआप संपला.

ते गणित सगळ्यांनी एकदा करावं. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. अठराशे वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर ठेवली तर ती पाऊण तासाच्या आत संपते. तीच बॅटरी पंखा, दिवे, मोबाइल आणि लहान फ्रीज यांना रात्रभर पुरून उरते. टपावरच्या सौर तक्त्यांना ऊन हवं, पण उष्मा नको. तापले की ते कमी वीज देतात. मार्चमधल्या लख्ख दुपारी ते आकाशाकडे बघून वाटतं त्याहून कमीच कमावतात. तेव्हा स्वयंपाक गॅसवर, पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याच्या कप्प्याला तळाशी भोक पाहिजे, वर नव्हे. चालत्या गाडीत सिलिंडरची चावी बंद. यात चर्चा नाही.

आता पाणी. टाकी ऐंशी लिटरची, शिवाय वीस-वीस लिटरचे दोन जार. लिटरला किलो या हिशेबाने ऐंशी लिटरची टाकी म्हणजे एक जाडजूड काका मागे बसवल्यासारखं, तेही पट्टा न लावता, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी प्रत्येक वळणाला बाहेरच्या अंगाला धावतं. टाकी एक तर काठोकाठ भरावी किंवा आत पडदे असलेली घ्यावी, आणि ती दोन्ही आसांच्या मध्ये, जितकी खाली बसेल तितकी खाली बसवावी. आधी ती मागच्या टोकाला होती. मिस्त्रींनी स्वतःहून हलवली. म्हणाले, “ताई, ताम्हिणीला जायचंय ना? मग शेपूट हलकी ठेवा.”

भुकूम आलं तेव्हा सासूबाईंनी तो प्रश्न पुन्हा काढला आणि मी उत्तराला लागले. मुळशीचं धरण मुळेवरचं, टाटांचं, विजेसाठी बांधलेलं. त्यासाठी पन्नासाहून अधिक गावांची जमीन जायची होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. चैत्रातलं हेच ऊन. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. पारनेरच्या बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते या लढ्यापासून. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, माणसं तुरुंगात गेली, आणि तीन वर्षांनी लढा हरला. राजेंद्र व्होरांनी त्यावर संशोधन करून पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे. १९२७ पासून मुळशीचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळतं, भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली पडतं, जनित्रं फिरवतं आणि वीज मुंबईला जाते. एरवी जे पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं, ते कुंडलिकेतून अरबी समुद्रात जातं. आणि जलाशयाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर, जिथे पावसाळ्यात पाऊस मावत नाही, तिथे चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन झऱ्यावर उभ्या असतात. अशा ठिकाणी आपण पिकनिकला जायचं आणि विहिरीत पोहरा टाकायचा, हे मला बरं वाटत नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे वीज मुंबईला, पाणी कोकणात, आणि आता उरलंसुरलं आपण न्यायला जायचं नाही. एवढंच ना? मग सरळ सांगायचं.”

त्यानंतर पाण्याचा हिशेब त्यांनीच हातात घेतला, आणि तो आमच्यापेक्षा कडक निघाला. त्यांच्या स्वतःच्या सामानात फिरकीचा तांब्या होता. पितळी, आटे पाडलेल्या झाकणाचा, गळ्याला कडी असलेला. पुतण्याने आधी त्याची चेष्टा केली, कारण त्याच्याकडे बटण दाबून उघडणारी नवी बाटली होती. पिरंगुटच्या अलीकडे ती बाटली जोराच्या गचक्याने ओट्यावरून पडली, झाकण उघडलं आणि गादी भिजली. तांब्या जिथल्या तिथे. यात्रेला निघणाऱ्या लोकांनी बैलगाडीत वापरून पारखलेली वस्तू आहे ती, तिला ट्रॅव्हलरचे गचके काय.

स्वयंपाकाची यादी करताना मी पदार्थ चवीवरून नव्हे, भांड्यांवरून निवडले होते. पिठलं रद्द. भाऊजी दुखावले, पण पिठल्याची कढई घासायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात एका माणसाची आंघोळ होते. दशम्या घरूनच, दुधात भिजवलेल्या, त्या टिकतात. थालीपिठाची भाजणी, कारण एक तवा आणि तोही पुसून चालतो. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे. भातासाठी तीन लिटरचा कुकर, त्यात डबे एकावर एक: खाली वरण, वर भात, त्यावर बटाटे, एका शिट्टीच्या हिशेबात तिन्ही, आणि कुकरच्या तळाचं गरम पाणी डबे विसळायला. ताटांऐवजी पत्रावळी, खऱ्या पानांच्या, प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या नव्हे. ज्यात जेवायचं ती आधी बोटाने निपटायची, हा सासूबाईंचा नियम. पुतण्याला तो फार जाचक वाटला. पौडला थांबून कैऱ्या, कांदे आणि काकड्या घेतल्या. कैरी-कांद्याचा तक्कू करायला चूल लागत नाही आणि उन्हाळ्यात त्याच्या तोडीचं काही नाही. पन्ह्याचा गर घरून आणला होता. कोकमाचं आगळ होतंच. चहाबद्दल मी काही बोलले नाही, कारण आमच्या घरात चहाच्या पाण्याचा हिशेब मागणारा माणूस टिकत नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. सुती, पूर्ण बाह्यांचे, आणि एक गोधडी. झोपायच्या परदेशी पिशव्या न्यायच्या नाहीत, घामाने चिंब होतात. सुगंधी फवारे मात्र घरीच ठेवा. या दिवसांत कड्यांना आग्या मोहोळं लोंबकळत असतात, उग्र वासाने आणि धुराने माश्या उठतात, आणि त्यांच्यापुढे पळण्याशिवाय इलाज नसतो. रात्री बूट-चपला गाडीखाली ठेवायच्या नाहीत, आत घ्यायच्या. उकाडा वाढला की विंचू आणि फुरशी बाहेर पडतात. विजेरी प्रत्येकाच्या उशाशी वेगळी.

चांदणी चौकातला नवा पूल आणि त्याचे फाटे २०२३च्या ऑगस्टमध्ये खुले झाले, त्यामुळे शहरातून बाहेर पडणं आता तेवढं छळत नाही. छळ पुढे भूगावपासून सुरू होतो. कॅम्परव्हॅनच्या बांधणीची खरी परीक्षा घाटात नसते, ती भूगाव-पिरंगुटच्या गतिरोधकांवर असते. पहिल्याच उंचवट्याला मागून खणखणाट झाला. एक कप्पा उघडून डबे बाहेर आले. स्वयंपाकघरातले खण घरी नुसते लोटून बंद होतात. गाडीत प्रत्येक खणाला खिट्टी पाहिजे, आणि डब्यांच्या मध्ये फडकी कोंबायला पाहिजेत. लागणारी वस्तू वर आणि जड वस्तू खाली, हे दोन नियम एकमेकांशी भांडतात. पिठाचा डबा जड, पण रोज लागतो. शेवटी जडपणा जिंकला पाहिजे. रोज वाकायला लागलं तरी चालेल, वळणावर डोक्यात डबा पडायला नको.

पौडनंतर रस्ता मोकळा होतो आणि मग वसंत दिसायला लागतो. वसंत म्हटलं की लोक पळस सांगतात आणि तो आहेच, पांगाराही आहे, काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा आहे. पण मला या दिवसांत कुसुंब बघायला आवडतो. त्याची नवी पालवी लालभडक असते, इतकी की लांबून फुलोराच वाटतो. आणि अंजनी. एरवी कुणी ढुंकून बघणार नाही असं झाड, पण मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या फांद्यांना थेट खोडापासून जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ फुटतात. करवंदी पांढऱ्या फुलांनी भरलेल्या होत्या आणि त्यांचा वास उघड्या काचेतून आत येत होता. करवंदं खायची तर मे उजाडायला हवा. डावी-उजवीकडे मात्र काळे पट्टेही होते, जळलेल्या गवताचे, आणि ते फुलांपेक्षा जास्त.

वणवा हा इथल्या वसंताचा दुसरा चेहरा आहे. वन खातं हिवाळ्यात जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करतं, तरी दरवर्षी आग लागते. पर्यटक म्हणून यातला आपला वाटा नेमका कळला पाहिजे. शेकोटी हा एक. दुसरा कुणाच्या लक्षात येत नाही: लांबचा रस्ता कापून आलेल्या गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो आणि गाडीखाली गुडघाभर वाळलेलं गवत असेल तर काडीची गरज उरत नाही. म्हणून गाडी गवतावर उभी करायची नाही. आमच्याकडे दोन किलोचं पावडरीचं अग्निशामक होतं, दाराशी, हाताला लागेल असं. ओंडके आणि शिगा घेऊन चला, असं म्हणणाऱ्या पुतण्याला मी एवढंच सांगितलं की शेकोटी हवी असेल तर मार्गशीर्षात चल.

गाडी लावायची तरी कुठे? जलाशयाच्या काठाची जमीन मोकळी दिसते, पण ती बिनमालकाची नाही. टाटा कंपनीची आहे, नाहीतर कुणाची तरी खासगी. पुढे ताम्हिणीचं अभयारण्य आहे, २०१३ साली झालेलं, शेकरूचं घर. तिथे परवानगीशिवाय मुक्काम चालत नाही आणि चालूही नये. ताम्हिणीची विंझाईदेवी आणि तिची देवराई बघायला दिवसा जावं, चपला बाहेर काढून, आणि परत फिरावं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि देवाच्या नावाने राखलेल्या अशा रानांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. बाहेर टेकड्या तपकिरी झालेल्या असताना आत गेलं की कानशिलं गार होतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कारवान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांसाठी तळ उभारायची कल्पना आहे. आम्ही गेलो त्या रस्त्यावर तसा तळ आम्हाला दिसला नाही.

तेव्हा शेतकऱ्याला विचारणं हाच मार्ग. वसंतात त्याचा एक फायदा आहे, तो म्हणजे भाताची खाचरं. कापणी होऊन महिने झालेले असतात, जमीन वाळून टणक झालेली असते, गुरांनी गवत फस्त केलेलं असतं. सपाट, उघडी, बांधाने अडवलेली जागा. कॅम्परव्हॅनला याहून चांगलं काही नको. निव्याच्या अलीकडे रस्त्यालगत एका खाचरात मावशी काम करत होत्या. नवऱ्याने काच खाली करून विचारायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवलं आणि उतरून बांधापाशी गेले. गाडीतून विचारलं की माणूस नाहीच म्हणतो.

“रातच्याला ऱ्हानार? गाडीतच?” त्यांनी गाडीकडे आणि मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंना बघून बहुधा खात्री पटली. “ऱ्हावा की. पन पानी न्हाय हां आमच्याकडं. हिरीनं तळ गाठलाय.”

“पाणी आणलंय आम्ही, मावशी.”

“पुन्यावनं?” त्या हसल्या, पण चेष्टेने नव्हे.

भाडं घ्यायला त्या तयार नव्हत्या. मग सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या नातवाच्या हातावर पैसे ठेवले, आणि ते परत करता येत नाहीत.

मावशींचं काम चाललं होतं ते राबाचं. खाचराच्या कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्या, वर गवत आणि माती, असे थर रचले होते. हे सगळं पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तण मरतं आणि पावसाच्या तोंडावर तिथे भाताची रोपं टाकतात. मुळशीचा आंबेमोहोर ज्या वासासाठी लोक शोधत येतात त्याची सुरुवात या धुरात आहे. शहरातून येणारे राबाचा धूर बघून वणवा लागला म्हणून फोन करतात. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, राब पेटवताना माणूस समोर उभा असतो, हातात ओली डहाळी घेऊन, वारा पडलेला बघून. वणव्यापाशी कुणी उभं नसतं. ही ओळख मला पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा पक्की वाटली.

रात्री वारा पडला आणि गाडीत उकडायला लागलं. झरोक्यातला पंखा बाहेर फेकायला लावला, दिवसा सावलीत असलेल्या बाजूची खालची खिडकी जाळी लावून उघडी ठेवली, तशी गार हवा जमिनीलगत आत यायला लागली. पहाटे गोधडी ओढावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेला काळं भरून आलं. अवकाळीचं चिन्ह दिसलं की कॅम्परव्हॅनवाल्याने तीन गोष्टी कराव्यात: शेडनेट उतरवून गुंडाळावी, आंब्याखालून गाडी काढावी, आणि खाचरात असेल तर लगेच रस्त्यावर घ्यावी. आंब्याखालून, कारण वाऱ्याने कैऱ्या आणि वाळक्या फांद्या टपावरच्या काचेच्या तक्त्यांवर येतात. खाचरातून, कारण जी जमीन सकाळी वाजत होती ती दहा मिनिटांच्या सरीने चिकट चिखल होते आणि अशी जड गाडी त्यात रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आम्ही वेळेत रस्त्याला लागलो. पाऊस आला, गारा आल्या, पत्र्यावर एवढा आवाज झाला की बोलणं ऐकू येईना. वीज कडाडत असताना झाडाखाली किंवा उघड्या माळावर थांबण्यापेक्षा काचा लावून लोखंडी गाडीत बसणं केव्हाही बरं. पुतण्या घाबरला होता, पण कबूल करायला तयार नव्हता.

एका विषयावर प्रवासवर्णनं गप्प बसतात, तो म्हणजे मोरी आणि संडास. आमच्या गाडीत सुटी टाकी असलेलं कमोड आहे, त्यात रसायन घालतात; ती टाकी ओढ्यात, झाडीत किंवा कुणाच्या शेतात रिती करायची नाही, घरी आणून संडासात ओतायची. काम किळसवाणं आहे. भाऊजी आणि नवरा यांनी ते आळीपाळीने करायचं असं निघायच्या आधीच लिहून घेतलं होतं, नाहीतर ते आमच्याकडे आलं असतं. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी गाडीखालच्या डब्यात जमा होतं. आंघोळ म्हणजे तरी काय, सासूबाईंच्या भाषेत अंग पुसणं: तांब्याभर पाणी, पंचा आणि वेळ संध्याकाळची. सकाळच्या आंघोळीचा आग्रह वसंतात धरू नये. घाम येतो दुपारी, तो धुवायला संध्याकाळच बरी. साबण न लागलेलं पाणी मावशींच्या बांधावरच्या आंब्याला घातलं, साबणाचं परत आणलं. पुतण्याने कचऱ्याची पिशवी तोलून बघितली आणि आणलेल्या सामानापेक्षा ती जड आहे असं जाहीर केलं. कैऱ्यांच्या कोयी होत्या त्यात.

निघताना मावशींनी पुन्हा यायला सांगितलं आणि एक अटही घातली, ती या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते. खाचरं मोकळी असतात ती रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे २५ मेच्या सुमारापर्यंत. त्यानंतर धूळवाफेवर भाताची पेरणी होते आणि बांधाच्या आत चाक घालायचं नसतं. तेव्हा जायचं असेल तर होळी झाली की निघा, आणि ज्याच्या जमिनीत उभे राहाल त्याला आधी उतरून विचारा.